आजोबांची मेडलं: सहा मिलिटरीची, एक मोंढ्याचं

कडब्याची_गंजी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे आजोबा मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेले. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आमचं. १९६३ ला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, पंधरा वर्षं करून हवालदार म्हणून पेन्शनीत आले. वर्षभर शेतात राबून पाहिलं, जमलं नाही, मग नगरपालिकेच्या बंबावर लागले. तिथून तेवीस वर्षांनी थेट निवृत्तीच. त्यामुळं अर्धं गाव त्यांना हवालदार म्हणायचं आणि अर्धं बंबवाले.

आता वर्षश्राद्ध आलंय. काकांच्या मनात बैठकीत एक मोठी फ्रेम लावायचं आहे. ट्रंक उघडली तर जुन्या धोतराच्या फडक्यात सात मेडलं निघाली. मी पुण्याहून गावी पोचेपर्यंत आईनं चिंच लावून सगळी लख्ख करून ठेवली होती. आजी ओरडली, "कामून घासलीस गं? ती काय समई हाय का?" पण व्हायचं ते होऊन गेलं.

सहा मेडलांवर चार सिंह आहेत. त्यातला एक पितळी रंगाचा पाच टोकांचा तारा, त्यावर 'पूर्वी' इतकं वाचता येतं. बाकीची गोल, पांढरट: रक्षा, संग्राम, सैन्य सेवा (याच्या फितीवर 'हिमालय' अशी आडवी पट्टी आहे), एक स्वातंत्र्याच्या २५ वर्षांचं आणि एक नऊ वर्षांच्या नोकरीचं. सातवं वेगळंच आहे. चांदीचं, जुन्या रुपयाएवढं, वर कडी आणि कडीत फीत नाही तर लाल दोरा. त्यावर 'मोंढा' (आमच्याकडची शेतमालाची बाजारपेठ) हा शब्द कसाबसा लागतो, खाली ४१ आकडा. बाकी चिंचेनं गेलं की आधीच झिजलं होतं, देव जाणे. आम्हाला वाटतं ते फायर ब्रिगेडचं असावं आणि ४१ हा त्यांचा बिल्ला नंबर.

काकांचं म्हणणं, सरकारी तेवढीच फ्रेममध्ये घ्यायची. आजीचं म्हणणं, चांदीचं पहिलं. क्रम कसा लावायचा, फिती कुजल्यात त्या कुठं मिळतात, आणि फायर ब्रिगेडवाल्यांना मेडल असतं का, हे कुणी सांगेल का?

रिटायर्ड_सुभेदार | सोमवार, रात्री १०:१५

आधी आईंना हात जोडून सांगा, चिंच बंद. पितांबरीही नको. गोल मेडलाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. ते घासून गेलं की ते मेडल कुणाचंही होतं. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचं आणि कापडात ठेवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

आता क्रम. घालणाऱ्याच्या छातीच्या मध्याकडून खांद्याकडं मोजत जा: पूर्वी स्टार, रक्षा, संग्राम, सैन्य सेवा, मग २५ वी स्वातंत्र्य जयंती आणि शेवटी नऊ वर्षांचं. मोठं मेडल मध्याकडं, हे लक्षात ठेवलं की झालं. फ्रेममध्ये समोरून बघताना पूर्वी स्टार तुमच्या डाव्या हाताला येईल.

पूर्वी स्टार म्हणजे १९७१ ला ते पूर्व आघाडीवर होते. पश्चिमेला असते तर पश्चिमी स्टार मिळाला असता. संग्राम त्याच लढाईचं, पण आघाडी कुठलीही असो, त्या काळात वर्दीत होता त्याला. रक्षा १९६५ चं, तेही तसंच. ६५ ला ते प्रत्यक्ष लढाईच्या भागात असते तर सोबत समर सेवा स्टार असता. सैन्य सेवा थंडी-डोंगरातल्या खडतर नोकरीचं, पट्टीवर भाग लिहितात, म्हणून हिमालय. पंचविसावी जयंती १५ ऑगस्ट १९७२ ची.

पलटण कुठली होती? डिस्चार्ज बुक शोधा. त्यात मेडलांची नोंद असते, ताळा करून घ्या. एखादं हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो.

फिती संभाजीनगरच्या छावणीत नाहीतर पुण्याला कॅम्पात मिलिटरी सामानवाल्यांकडं मिळतील. ३२ मिलिमीटर रुंदीची मागा. जुनी फेकू नका, नवीच्या मागं ठेवा.

कडब्याची_गंजी | मंगळवार, सकाळी ७:५०

साहेब, फार उपकार झाले. रात्रीच भिंग घेऊन बसलो. रक्षाच्या कडेवर इंग्रजीत सिपाही आहे, संग्रामवर लान्स नाईक, नऊ वर्षांच्यावर नाईक. नंबर सगळ्यांवर एकच. इतकी वर्षं ही हातात घेऊन खेळलो, पण कड कधी बघितलीच नव्हती.

डिस्चार्ज बुक सापडलं. पहिली बटालियन. आजोबा 'जंगी पलटण' म्हणायचे, मला वाटायचं कौतुकानं म्हणतात.

दख्खनी_ससा | मंगळवार, सकाळी ९:०५

जंगी पलटण हे अधिकृत बिरुद आहे हो. १७६८ सालची पलटण. ७१ ला ही जमालपूरला होती, हल्लीच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रेच्या काठी. तिथला तो लिफाफ्याचा किस्सा आठवतो का कुणाला? ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. एका मुक्तिवाहिनीवाल्यानं ती नेऊन दिली. उत्तराच्या पाकिटात चिठ्ठीबरोबर बंदुकीची गोळी आली. पुढं ११ डिसेंबरला जमालपूर पडलं आणि १६ तारखेला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत ही पलटण होती. आजोबा काही सांगायचे का?

कडब्याची_गंजी | मंगळवार, सकाळी ९:३०

जमालपूर हा शब्द ऐकलाय. पण ते सांगायचे फक्त चिखल आणि केळीची पानं. गोळीचा किस्सा तुमच्याकडूनच कळला.

उगाच_एक | मंगळवार, दुपारी १२:४०

राग मानू नका, पण सहापैकी पाच मेडलं त्या त्या वेळी फौजेत असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मिळालेली दिसतात. लंगरवाल्यालाही आणि मेजरलाही. वीर चक्र असतं, ती अर्धी निळी अर्धी भगवी फीत, तर गोष्ट वेगळी. हजेरीच्या मेडलांची एवढी फ्रेम कशाला?

रिटायर्ड_सुभेदार | मंगळवार, दुपारी १:१०

लंगरवाल्याला मिळतं हे तुम्हाला खटकतंय, मला त्याचाच अभिमान आहे. जमालपूरला डोक्यावर डेग घेऊन चिखलातून चालणाऱ्याचं नाव कडेवर कोरून सरकारनं पाठवलं. अर्ज करावा लागला नाही, साहेबाच्या मागं फिरावं लागलं नाही. होतास ना? हे घे. शौर्याचं मेडल वेगळं आणि सेवेचं वेगळं, दोन्हीची गल्लत करू नका.

जुना_शिट्टीवाला | मंगळवार, रात्री ८:२५

मी एका महापालिकेच्या अग्निशमन दलातून स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालोय. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात कोर्स केला होता. फायरच्या मेडलाबद्दल सांगतो.

मेडल आहे. १९५१ पासून राष्ट्रपतींचं पोलीस आणि अग्निशमन सेवा पदक आहे. पुढं फायरचं वेगळं झालं: शौर्याचं, विशिष्ट सेवेचं, गुणवंत सेवेचं. २०२४ पासून पोलीस, फायर, होमगार्ड, तुरुंग या सगळ्यांची मिळून सोळा पदकं होती त्यांची चार केली. यादी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला जाहीर होते.

पण सुभेदार साहेब म्हणाले तसं 'होतास ना, हे घे' आमच्याकडं नाही. आमच्याकडं प्रस्ताव लागतो. तो पालिकेतून निघायला हवा, मग संचालनालय, मंत्रालय, मग दिल्लीत गृह मंत्रालय. सोबत सेवापुस्तकाचे उतारे, बक्षिसांची यादी, चौकशी नसल्याचा दाखला. मुंबईच्या दलात हे बघायला माणसं आहेत. तालुक्याच्या पालिकेत त्या काळी एक बंब, सहा माणसं, आणि फायरची फाईल आरोग्य नाहीतर पाणीपुरवठ्याच्या कारकुनाच्या टेबलावर. त्या कारकुनाला असं काही पदक असतं हेच माहीत नसायचं. आमच्यात कित्येक जण वीस-पंचवीस वर्षं धूर खाऊन एका शालीवर घरी गेले.

म्हणून तुमचं सातवं मेडल सरकारी नाही. सिंह नाही, फीत नाही, लाल दोरा आहे, म्हणजे ते गावातल्या सराफाकडं केलेलं.

एक गंमत सांगू? गुणवंत सेवेचं फायर पदक त्यांना मिळालं असतं तर ते मिलिटरीच्या सहा मेडलांनंतर शेवटी नसतं लागलं. क्रमवारीत त्याची जागा सैन्य सेवा आणि पंचविसाव्या जयंतीच्या मध्ये आहे. चौथ्या आणि पाचव्याच्या मधोमध.

मोंढ्यात मोठी आग लागली होती का कधी तुमच्याकडं?

उगाच_एक | मंगळवार, रात्री ८:५०

मग आता मागाहून प्रस्ताव पाठवता येत नाही का? जीवन रक्षा पदक असतं ना सामान्य माणसालाही.

जुना_शिट्टीवाला | मंगळवार, रात्री ९:००

जीवन रक्षा पदकाला घटना दोन वर्षांच्या आतली लागते. ते दार बंद झालंय.

माळवद | मंगळवार, रात्री १०:३५

थोडं अवांतर, पण बंबवाल्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. मी औशाकडचा. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नववीत होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले, पहाटे ३:५६ ला जमीन हलली. आमच्याकडची घरं म्हणजे दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. वर्षानुवर्षं दर पावसाळ्याआधी त्यावर मातीचा नवा थर. उन्हाळ्यात घर गारेगार. ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

नंतर लष्कर आलं, पण आधी आजूबाजूच्या गावांची माणसं आणि पालिकांचे बंब आले. बंब कशाला, आग तर नाही, असं आम्हाला वाटलं. पण त्यांच्याकडं दोर होते, पहारी होत्या, कंदील होते. एक खाकीतला मिशीवाला सगळ्यांना गप्प बसवायचा. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, रडायचं नाही, फावडं थांबवायचं. मग तो मातीला कान लावायचा. त्याच्यावर लोक चिडायचे, आपलं माणूस खाली आणि हा थांब म्हणतोय. पण असं थांबल्यावरच शेजारच्या घरातली एक म्हातारी सापडली, जिवंत. वरून पाऊस सुरू होता.

तो माणूस कुठल्या पालिकेचा, मला माहीत नाही. तुमचेच आजोबा होते असं म्हणत नाही.

कडब्याची_गंजी | बुधवार, सकाळी ६:४५

माळवद, वाचून झोप आली नाही. आजीला विचारलं. म्हणाली किल्लारीला गेले होते, आठ दिवसांनी आले, आल्यावर अंगणात झोपायला लागले. पुढं दिवाळीपर्यंत घरात झोपले नाहीत. मिशी होती. यापुढं मीही काही म्हणत नाही.

संपादक_मंडळ | बुधवार, सकाळी १०:००

भूकंपावर वेगळा धागा आहे, त्याची चर्चा तिकडं न्यावी. इथं मूळ विषय चालू द्या.

तुरीचं_वरण | बुधवार, सकाळी ११:२०

आमच्याकडं आजोबांचा २६ जानेवारीचा फोटो आहे, मेडलं उजव्या छातीवर लावलेली. ते चूक आहे का? उजवीकडं घरच्यांनी लावायची असतात असं ऐकलं होतं.

रिटायर्ड_सुभेदार | बुधवार, सकाळी ११:५०

बरोबर ऐकलंत. ज्याची मेडलं त्यानं डावीकडं, तो गेल्यावर घरच्यांनी श्रद्धांजलीच्या वेळी उजवीकडं. फोटोत शर्टाची बटणं कुठल्या बाजूला आहेत ते बघा.

तुरीचं_वरण | बुधवार, दुपारी १२:०५

बाईच्या ब्लाउजसारखी उलटी! म्हणजे स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह उलटी धरली. चाळीस वर्षं भिंतीवर उलटे आजोबा लटकलेत.

कडब्याची_गंजी | बुधवार, दुपारी १२:३०

हा हा. आमच्याकडं पण एक फोटो सापडला. फायरच्या खाकी ड्रेसवर मिलिटरीची सहाही मेडलं, नगरपालिकेच्या झेंडावंदनाला. मागं बंब आणि बंबावर चढलेली पोरं. मेडलं डावीकडंच आहेत, पण क्रम तिथंही चुकलाय, पूर्वी स्टार शेवटी आहे. म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं, की आजीनं टाचली होती म्हणून!

सरकी | बुधवार, रात्री ११:१०

आज सगळा धागा वाचला. आधी वाटलं लिहू नये, पण ४१ आकडा वाचून राहवलं नाही. गावाचं नाव तुम्ही लिहिलं नाही, मीही लिहीत नाही. पण मोंढ्याला लागून जिनिंग (कापसातली सरकी काढायची गिरणी), जिनिंगच्या मागं ओढा आणि ओढ्यापलीकडं दर्गा, असं असेल तर तुमचे आजोबा मला माहीत आहेत. माझे वडील त्या मोंढ्यात हमाल होते. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा, डबा घेऊन जायचो.

मे महिना, दुपारचे दोन-अडीच. जिनमध्ये कापसाबरोबर एखादा खडा गेला की रोलरवर ठिणगी पडते. नेहमीचं आहे, हमाल गोणपाट मारून विझवतात. त्या दिवशी ठिणगी रुईच्या ढिगात गेली. रुई पेटते ती लाकडासारखी नाही पेटत. ढिगावरून जाळ पाण्यासारखा पसरत जातो, बघता बघता छपराला. पाच मिनिटांत आतला माणूस बाहेरच्याला दिसेना.

बंब आला तेव्हा टाकीत पाणी अर्धं होतं, कारण मे महिना, गावालाच आठवड्यातून एकदा पाणी. तुमच्या आजोबांनी उतरल्या उतरल्या पाणी मागितलं नाही. विचारलं, "आत किती माणसं होती?" कुणालाच सांगता येईना. हमाल रोजंदारीचे, हजेरीपट नाही, कुणी सकाळी येतं, कुणी जेवून. मुनीम ओरडत होता माझ्या चोपड्या काढा. व्यापारी म्हणत होता गाठींवर पाणी मारा. आजोबा मुनिमाला म्हणाले, "चोपडीच काढ. आजची उचल कुणाकुणाला दिलीस ते वाच."

सकाळी हमालांना चहापाण्याला उचल द्यायचे, ती चोपडीत लिहिलेली. मुनीम नावं वाचत गेला, एकेक जण 'हो' म्हणत गेला. एक्केचाळीस नावं. चाळीस 'हो'. माझ्या वडिलांनी 'हो' म्हटलेलं मी ऐकलं आणि मला रडू आलं, ते आठवतंय.

एक्केचाळिसावा रात्रपाळी करून गाठींच्या थप्पीमागं सावलीला झोपला होता. आजोबांनी ओलं पोतं डोक्यावर घेतलं, कमरेला दोर बांधला, दोराचं टोक माझ्या वडिलांच्या हातात दिलं आणि पोटावर सरपटत आत गेले. धूर वर असतो, जमिनीलगत वीतभर हवा असते, हे वडिलांनी मला पुढं हजारदा सांगितलं. दोर दोनदा ओढायचा म्हणजे ओढून घ्या, असं ठरलेलं. मला वाटतं दहा मिनिटं गेली असतील, वडील म्हणायचे चार. दोर दोनदा हलला. तो माणूस जगला, कान भाजले होते फक्त.

जुना_शिट्टीवाला | गुरुवार, सकाळी ६:२०

सरकी, हे वाचून मी पहाटेचा चहा दोनदा गरम केला.

माणसं मोजणं हे शिकवून येतं, पण त्या गडबडीत उचलीची चोपडी सुचणं, हे मला सुचलं नसतं, खरं सांगतो. आणि कापसाबद्दल एक सांगायचं राहतंय. गाठ १७० किलोची, दाबून बांधलेली. वरून विझली तरी आत धुमसत राहते, पाणी आत जात नाही. दोन दिवसांनी गोदामात नेली की पुन्हा पेट. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीवर तेच झालं. कापसाच्या हजारो गाठी आणि त्याच पोटात चौदाशे टन दारूगोळा. दुपारी कापसातून धूर निघाला, ४ वाजून ६ मिनिटांनी बोट उडाली. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. अग्निशमन दिन म्हणून १४ एप्रिल पाळतो तो त्यांच्यासाठी. मराठवाड्यात त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. सकाळी स्टेशनवर हुतात्म्यांना मानवंदना द्यायची आणि संध्याकाळी मिरवणुकीच्या बंदोबस्ताला बंब न्यायचा, ही माझी सगळी नोकरी. निळ्या गुलालातच मी त्या तारखेला घरी यायचो.

तुमच्याकडं गाठींचं पुढं काय केलं?

सरकी | गुरुवार, सकाळी ८:१५

तेच सांगणार होतो. हमालांनी आकड्यांनी ओढून सगळ्या गाठी मैदानात मांडल्या, एकीला दुसरी लागणार नाही अशा. आजोबांनी तीन रात्री तिथंच बाज टाकली. रात्री उठून प्रत्येक गाठीला हाताची मागची बाजू लावायचे, तळहात नाही. म्हणायचे तळहाताला कामाचे घट्टे असतात, खोटं बोलतो. कोमट लागली की पट्ट्या तोडायच्या, गाठ उकलायची, बादली ओतायची. व्यापारी विव्हळायचा, उकललेली रुई मातीमोल होती. तिसऱ्या रात्री चार गाठी उकलल्या, आत लालभडक निखारा.

मेडल कुणी दिलं ते मला नक्की माहीत नाही. वडील गेले. एवढं आठवतं की आमच्या घरातून वर्गणी गेली होती आणि आई कुरकुरली होती.

बोरूबहाद्दर | गुरुवार, सकाळी ९:४०

गंजी, पतंगाचा कागद चांदीच्या मेडलावर घट्ट धरा आणि शिसपेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासा. आम्ही जुनी नाणी, ताम्रपट असेच वाचतो. डोळ्याला न दिसणारं कागदावर उठतं.

कडब्याची_गंजी | गुरुवार, रात्री ९:५५

पतंगाचा कागद नव्हता, अगरबत्तीच्या पुड्यातला पातळ कागद चालला. तीन वेळा घासलं. उठलं ते असं:

हमाल-मापाडी मंडळी
मोंढा
असामी ४१

बास, इतकंच. आजोबांचं नाव नाही, साल नाही, 'शौर्य' वगैरे नाही.

कागद घेऊन आजीकडं गेलो. मी वाचून दाखवायच्या आधीच ती म्हणाली, "यापाऱ्यांनी शाल-नारळ दिलं. ते हमालांनी केलतं, सराफ म्हनला जास्त अक्षरं बसत न्हाईत." मग तू आधी का नाही सांगितलंस, म्हटलं. म्हणाली, तुम्ही इचारलं का? तुमचं आपलं क्रम अन् फीत चाललंय.

काकांना फोन करून सगळं वाचून दाखवलं, सरकीसाहेबांची पोस्ट दोनदा. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पण सरकारी मेडलांच्या रांगेत नको, नियमात बसत नाही.

रिटायर्ड_सुभेदार | गुरुवार, रात्री १०:२०

काकांचं बरोबर आहे. वर्दीवर, मेडलं टाचायच्या पट्टीवर खाजगी मेडल लावता येत नाही. पण फ्रेम म्हणजे वर्दी नव्हे. सहा वर रांगेनं लावा. चांदीचं खाली मधोमध, एकटं. कडा झाकतील अशी मखमलीत बसवू नका, पिनवर ठेवा. नाव कडेवर आहे.

उगाच_एक | गुरुवार, रात्री १०:४०

माझी वरची हजेरीवाली पोस्ट मागं घेतो. ४१ ही पण हजेरीच की.

दख्खनी_ससा | गुरुवार, रात्री १०:४५

पहिल्यांदाच उगाच_एकशी सहमत. तारीख लिहून ठेवा कुणीतरी.

सरकी | शुक्रवार, सकाळी ७:०५

तो एक्केचाळिसावा माणूस अजून आहे. थकलाय, दर्ग्याच्या पलीकडं मुलाकडं असतो. वर्षश्राद्धाची तारीख मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, त्याला घेऊन येतो.

कडब्याची_गंजी | रविवार, दुपारी ४:३०

सरकीसाहेब, व्यनि केलाय.

बाकी अपडेट. छावणीतून फिती आल्या, सहापैकी पाच मिळाल्या, नऊ वर्षांच्या मेडलाची पुढच्या आठवड्यात देतो म्हणालाय. झेंडावंदनाच्या फोटोची मोठी प्रत काढून फ्रेमच्या शेजारी लावतोय, चुकीच्या क्रमासकट.

भांडण आता लाल दोऱ्यावर आलंय. फ्रेमवाला म्हणतो दोरा मळका आहे, काचेखाली बुरशी धरेल, कापून नवी चेन घालू. आजी म्हणाली दोऱ्याला कात्री लावली तर फ्रेम तुझ्याच दुकानात ठेव. शेवटी दोऱ्यासकट मेडल दोन दिवस उन्हात ठेवायचं ठरलं. गच्चीवर सुपात ठेवलंय, बाजूला कुरडया वाळत घातल्यात, आणि आजी काठी घेऊन कावळे हाकत बसलीय.

तुरीचं_वरण | रविवार, दुपारी ४:४५

सुपाचा फोटो टाका की.